टीएसएच किती ठेवायचं, ते कागदावर लिहून द्या: थायरॉइड कॅन्सरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

सर्जन, एंडोक्रायनॉलॉजिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे तज्ज्ञ आणि त्यानंतर आम्हाला वर्षानुवर्षं सांभाळणारे फॅमिली डॉक्टर,

तुम्हा सर्वांना सविनय नमस्कार.

चौदा वर्षांपूर्वी माझी थायरॉइड ग्रंथी काढली. पॅपिलरी या प्रकारचा थायरॉइड कॅन्सर होता. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि मानेतल्या लसीकाग्रंथींमध्ये काही सापडलं नव्हतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आवाज शाबूत राहिला, मानेवरचा व्रण आता शोधावा लागतो. ज्या हातांनी ती केली त्यांची मी कायमची ऋणी आहे.

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी थायरॉइडच्या संप्रेरकाच्या गोळीची एक ओळ होती: 'थायरॉक्सिन १५० मायक्रोग्रॅम, रोज सकाळी रिकाम्या पोटी, आयुष्यभर.' ती ओळ मी अकरा वर्षं तंतोतंत पाळली. आधी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, कधी ०.०३ यायचं, कधी ०.०५. रिपोर्टात त्या आकड्याशेजारी खाली तोंड केलेला बाण असायचा. पहिल्यांदा तो पाहून मी घाबरले तेव्हा मला सांगितलं गेलं, "तुमच्या बाबतीत तो खालीच हवा." मी निर्धास्त झाले. तो किती खाली हवा आणि कधीपर्यंत, हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही.

बाराव्या वर्षी साधा पाय घसरून हातावर पडले आणि मनगट मोडलं. पाळी थांबून तेव्हा दोन वर्षं झाली होती. हाडांची घनता मोजली, तर मणक्यांमध्ये ती बरीच उतरलेली निघाली. त्याच सुमारास रात्री छातीत फडफड व्हायला लागली होती. मी ती काळजीच्या खात्यात टाकत होते, पण ईसीजीत एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, दिसले. दाखल करून घेताना एका तरुण डॉक्टरांनी माझी जाडजूड फाइल चाळली आणि विचारलं, "तुमचं टीएसएच इतकं खाली ठेवायला कोणी सांगितलंय? आणि कशासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. फाइलमध्येही ते नव्हतं. अकरा वर्षांचे रिपोर्ट होते, सोनोग्राफीची चित्रं होती, प्रत्येक भेटीत 'सेम ट्रीटमेंट, कंटिन्यू' हे शब्द होते. माझं लक्ष्य काय आहे, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हे पत्र त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे. माझी मागणी एवढीच: थायरॉइड कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर, गोळीच्या डोसाशेजारी, टीएसएच कुठून कुठपर्यंत ठेवायचं आहे, ते का, आणि या निर्णयाचा फेरविचार कोणत्या महिन्यात करायचा आहे, हे लिहून द्या.

हे तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्यासारखे रुग्णही हे पत्र वाचतील, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ग्रंथी काढल्यावर घेतलेली थायरॉक्सिनची गोळी दोन कामं करते. एक, शरीराला लागणारं संप्रेरक पुरवते. दुसरं काम कॅन्सरशी जोडलेलं आहे. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांतल्या कॅन्सरपेशी मूळच्या थायरॉइड पेशींचे काही गुण टिकवून ठेवतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणारं टीएसएच मिळालं की त्या वाढू शकतात. म्हणून गरजेपेक्षा किंचित जास्त थायरॉक्सिन देऊन पीयूषिकेला गप्प बसवतात. साध्या भरपाईला रोज साधारण वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम पुरतं, टीएसएच दाबायचं तर त्याहून जास्त लागतं. ज्याचा आजार पसरलेला आहे किंवा परत येण्याची शक्यता मोठी आहे, त्याला या दाबण्याचा फायदा होतो. त्याबद्दल माझा काहीच वाद नाही.

पण सगळ्यांना तेवढंच दाबायची गरज नसते, हेही तुमच्याच शास्त्राने सांगितलं आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पायऱ्या स्पष्ट आहेत. जास्त धोक्याच्या रुग्णात सुरुवातीला ०.१ च्या खाली, मधल्या धोक्यात ०.१ ते ०.५, आणि कमी धोक्याच्या ज्या रुग्णाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन, कॅन्सर उरला आहे का याची खूण) सापडतच नाही, त्याच्यात ०.५ ते २, म्हणजे निरोगी माणसातल्या नेहमीच्या मर्यादेतच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा धोका पहिल्या दिवशी ठरवून कायमचा गोठवायचा नसतो. उपचाराला शरीराने कसा प्रतिसाद दिला, हे थायरोग्लोब्युलिन आणि मानेच्या सोनोग्राफीवरून पाहत तो पुन्हा पुन्हा ठरवायचा असतो. सुरुवातीला जास्त धोका असलेल्या रुग्णाचा प्रतिसादही उत्तम असेल, तर पाच वर्षांपर्यंत ०.१ ते ०.५ ठेवून पुढे लगाम सैल करता येतो. त्यानंतरच्या वर्षांत कल आणखी सौम्यतेकडेच गेला आहे.

माझं थायरोग्लोब्युलिन पहिल्या वर्षापासून मोजण्याइतकंही नव्हतं. मान प्रत्येक सोनोग्राफीत स्वच्छ होती. सुरुवातीला टीएसएच खाली ठेवलं, ती तेव्हाची रीत होती आणि त्यात मला चूक दिसत नाही. पण तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वर्षी थांबून 'अजून गरज आहे का?' असं कुणीतरी विचारायला हवं होतं. त्या प्रत्येक वर्षी मला तपासणारे डॉक्टर वेगळे होते, आणि प्रत्येकाने आधीच्याचा डोस आदराने पुढे चालवला. दोष कुणा एकाचा नाही. जो निर्णय लिहिलेलाच नाही, तो बदलायचा कुणी?

टीएसएच फार काळ फार खाली राहिलं की काय होतं, हे काही गूढ नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून १९९४ मध्ये पुढे आलं की साठीपुढच्या ज्या लोकांचं टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रिअल फिब्रिलेशन होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. ते थायरॉइड कॅन्सरचे रुग्ण नव्हते, पण हृदयाला कारणाशी देणंघेणं नसतं, त्याला संप्रेरकाचं प्रमाण कळतं. पाळी थांबलेल्या बायकांच्या हाडांचंही तसंच. माझं मनगट आणि माझं हृदय केवळ गोळीमुळेच बिघडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आणखीही कारणं असतील. मात्र जी जोखीम घ्यायची गरज उरली नव्हती, ती मी अकरा वर्षं रोज सकाळी पाण्याबरोबर गिळत होते.

याची उलटी बाजूही मी जवळून पाहिली आहे. उरलेल्या थायरॉइड पेशी मारण्यासाठी किरणोत्सर्गी आयोडीन देतात, त्या उपचाराच्या वेळी एका ताईंची ओळख झाली. त्यांचा आजार फुप्फुसापर्यंत गेलेला होता आणि त्यांना टीएसएच अगदी खाली ठेवायला सांगितलं होतं, तोंडी. पुढे कधीतरी तापासाठी त्या फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी रक्त तपासलं, ०.०२ आकडा पाहिला आणि कळकळीने डोस कमी केला. त्यांच्या समोर जे कागद होते त्यावरून त्यांनी जे केलं ते बरोबरच होतं! वर्षभराने मोठ्या रुग्णालयात गेल्यावर टीएसएच चारच्या पुढे आणि थायरोग्लोब्युलिन चढत चाललेलं. त्यांच्या कार्डावर '०.१ च्या खाली, फुप्फुसात आजार आहे म्हणून' एवढे सात-आठ शब्द असते, तर ते वर्ष वाया गेलं नसतं. माझा डोस चालू राहिला आणि त्यांचा कमी झाला. दोन्हीचं मूळ एकच.

तुम्हाला हे क्षुल्लक कारकुनी काम वाटू नये म्हणून तुमच्याच क्षेत्रातली एक जुनी हकिकत आठवून देते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर हे थायरॉइड शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. १९०९ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. १८७४ मध्ये त्यांनी एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन यशस्वी झालं, मुलगी घरी गेली. ती मंदावत चालली आहे, पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे कोखर यांना नंतर कळलं ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडून. मग त्यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले, एकेकाला तपासलं, आणि ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांच्यातल्या कित्येकांची तीच गत झालेली पाहिली. १८८३ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. आपल्या यशस्वी शस्त्रक्रियांनी काय केलं, हे भर सभेत सांगायला केवढं धैर्य लागलं असेल! मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ऑपरेशन थिएटरात न दिसलेलं सत्य, रोज रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरांच्या निरोपातून सर्जनपर्यंत पोचलं. तो निरोपाचा रस्ता आज आमच्या फाइलमधून जातो. तो मोकळा ठेवा.

त्या मुलीच्या काळात गोळी नव्हती. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईंना टोचला आणि त्या आणखी २८ वर्षं जगल्या. १९१४ च्या २५ डिसेंबरला एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळं केलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज माझ्या हातात येते ती गोळी मायक्रोग्रॅमच्या मापात बांधलेली असते. एवढं बारीक माप हाती असताना कुठे पोचायचं हे मोघम ठेवणं मला पटत नाही.

लक्ष्य लिहिण्याची गरज आणखी एका कारणाने आहे: ते फार वेगाने बदलतं. किरणोत्सर्गी आयोडीन देण्याआधी माझी गोळी तीन-चार आठवडे बंद केली होती, कारण तेव्हा टीएसएच ३० च्या वर हवं होतं. ते आठवडे मी विसरणार नाही. तोंडाशी आलेला शब्द सापडायचा नाही, अंगात थंडी भरायची, बसल्या जागी डोळा लागायचा. हे असं होणार, गाडी चालवू नकोस, महत्त्वाचे निर्णय घेऊ नकोस, एवढं कुणी आधी बजावलं असतं तर मी स्वतःला वेडी समजले नसते. (टीएसएचचं इंजेक्शन देऊन गोळी बंद न करताही हे साधता येतं, ज्यांना शक्य आहे त्यांच्यापुढे तो पर्याय निदान मांडा.) आणि मग दोन-तीन महिन्यांत तेच टीएसएच अगदी खाली हवं झालं. एकच माणूस, एकच तपासणी, आणि लक्ष्य दोन टोकांना. रिपोर्टावर छापलेली 'नॉर्मल रेंज' या दोन्ही वेळी निरुपयोगी असते, पण आमच्या हाती तेवढीच पडते आणि आम्ही तिच्याशी आपला आकडा ताडून पाहत बसतो.

कॅन्सरचा प्रकारही त्याच कागदावर हवा. मेड्युलरी कॅन्सर निघतो तो थायरॉइडमधल्या वेगळ्याच पेशींतून, त्यांना टीएसएचशी काही कर्तव्य नाही. अशा रुग्णाला फक्त भरपाईचा डोस हवा, आणि पाठपुरावा कॅल्सिटोनिन व सीईए या रक्ततपासण्यांवर. तरी 'थायरॉइड कॅन्सर' एवढंच वाचून कुणी त्याचंही टीएसएच दाबू शकतं. ज्याची अर्धीच ग्रंथी काढली आहे, त्याला कदाचित गोळीच लागणार नाही.

आता गोळी घेण्याबद्दल. 'रिकाम्या पोटी' हे दोन शब्द पुरेसे नाहीत. गोळीनंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही, कॉफीही नाही, आणि कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताची काही औषधं चार तास लांब ठेवायची, हे सांगायला हवं. शस्त्रक्रियेत थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात आणि कॅल्शियमची गोळी सुरू होते. म्हणजे ज्या रुग्णाला थायरॉक्सिन हवं, त्यालाच त्याचं शोषण अडवणारी गोळीही हवी. सुरुवातीच्या महिन्यात मी दोन्ही एकत्रच घेत होते, कारण कार्डावर त्या एकाखाली एक लिहिल्या होत्या. सकाळी जमतच नसेल त्यांना, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्याचीही सोय आहे. डोस किंवा कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पाहायचं, त्याआधी नाही. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, दहाव्या दिवशीचा आकडा फसवतो.

आकडे आणखी एका तऱ्हेने फसवतात, आणि हे मला फार उशिरा कळलं. केस गळतात म्हणून मी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होते. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉक्सिन खोटंच जास्त दिसतं. थायरोग्लोब्युलिनही खोटं कमी दिसू शकतं. निदान दोन दिवस आधी ते थांबवायचं असतं. रक्त घेणाऱ्याने विचारलं नाही आणि मला माहीत नव्हतं. थायरोग्लोब्युलिनची गोष्ट तर आणखी नाजूक. साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी असतात आणि त्या आकडा बिघडवतात, म्हणून दोन्ही तपासण्या बरोबर हव्यात, आणि शक्य तोवर एकाच प्रयोगशाळेत. 'थायरोग्लोब्युलिन नाही' हे वाचून आम्ही देवाचे आभार मानतो. अँटीबॉडी तपासल्याच नसतील तर ते आभार घाईचे ठरतात.

बाळाचा विचार करणाऱ्या मुलींसाठी मात्र पहिल्याच भेटीत वेगळं बोला. गर्भ राहिल्यावर थायरॉक्सिनची गरज २५ ते ३० टक्के वाढते, ती पहिल्या काही आठवड्यांतच, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता. पाळी चुकली, चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घे आणि लगेच फोन कर, असं आधीच लिहून देता येतं.

एक विनंती बोलण्याबद्दल. 'कॅन्सर व्हायचाच तर हा बरा' हे वाक्य धीर देण्यासाठी असतं हे मला कळतं, आणि बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात हेही खरं आहे. पण ते ऐकल्यावर पुढे तक्रार करायची सोय राहत नाही. छातीत फडफड होते, झोप लागत नाही, चिडचिड होते, हे मी कितीदा तरी गिळलं, कारण मला 'बरा' कॅन्सर झाला होता. टीएसएच नेमकं जागेवर असूनही काहींना थकवा आणि डोक्यातलं धुकं राहतं. ग्रंथी असताना टी-३ या थायरॉइडच्या दुसऱ्या संप्रेरकाचा काही हिस्सा तीच थेट सोडते, गोळीवरच्या माणसाला तो मिळत नाही; पण टी-३ ची गोळी जोडून सगळ्यांना बरं वाटतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. आमच्याजवळ असंच स्पष्ट बोला. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून दार लावून घेऊ नका.

तुमच्या ओपीडीत किती गर्दी असते ते मी बाकावर बसून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. एका रुग्णाला मिळतात ती पाच-सात मिनिटं. म्हणून मी जास्त वेळ मागत नाही, शाईची एक ओळ मागते. माझ्या डॉक्टरांनी आता ती लिहून दिली आहे, आणि तशीच्या तशी इथे उतरवते: 'पॅपिलरी, कमी धोका, प्रतिसाद उत्तम. टीएसएच ०.५ ते २. हाडं व हृदय यांमुळे याखाली नेऊ नये. थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडीसह वर्षातून एकदा. फेरविचार पुढच्या जूनमध्ये, किंवा थायरोग्लोब्युलिन दिसू लागल्यास त्याआधी.' लिहायला त्यांना मिनिटही लागलं नाही. मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनीसुद्धा ती वाचली आणि माझ्या औषधांबद्दल नेमके प्रश्न विचारले.

डोस दोन टप्प्यांत कमी झाला. शेवटचं टीएसएच ०.९ आलं. रिपोर्टावर बाण नव्हता, तर आधी मला चुकल्यासारखं झालं. रात्रीची फडफड क्वचित होते, हृदयाची गोळी चालू आहे, हाडांसाठीचे उपचार चालू आहेत. मनगट पावसाळी हवेत अजून दुखतं. त्या ताईंचा डोस परत वाढवला आहे आणि त्यांच्या कार्डावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: '०.१ च्या खाली. कमी करू नये.' ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं, डॉक्टरांनी खाली सही केली.

पुढच्या वेळी 'सेम ट्रीटमेंट, कंटिन्यू' लिहिण्याआधी एवढं पाहा, की समोरच्या फाइलमध्ये ती ओळ आहे का. नसेल तर त्याच भेटीत लिहा.

कळावे.

आपली नम्र,
चौदा वर्षं थायरॉक्सिनवर असलेली एक रुग्ण